बरं वाटण्यापुरतं

रविवारी लाँड्री बंद असते, म्हणून सगळे रविवारीच जमले. खाली मशिनं थंड पडलेली, हॉटेलांच्या चादरींची गाठोडी उद्याची वाट बघत बसलेली, आणि वरच्या मजल्यावर बाहेरच्या खोलीत चौघांमध्ये चहाचे चार कप. कोणीच हात लावला नव्हता. आतल्या खोलीत आई पडून होती. दार लोटलेलं होतं, आणि लोटलेल्या दारामागचं माणूस झोपलेलंच असणार, असं आजारी माणसाच्या घरात सगळे धरून चालतात.

बोलायला सुरुवात थोरल्याच्या बायकोला करावी लागली, कारण आईला हॉस्पिटलात घेऊन तीच गेली होती. घरातले सगळे तिला वहिनी म्हणत, आणि खालचे कामगारही वहिनीच म्हणत. आईच्या यकृतातली गाठ वाढत चालली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशन होण्यासारखं नाही आणि केमो झेपणार नाही, हेही मागेच ठरून गेलं होतं. उरला होता तो दुखण्याचा प्रश्न. उजव्या बरगडीखाली कुणीतरी आतून गुडघा रोवून बसावं तसं ते दुखणं, आणि तिथून उजव्या खांद्यापर्यंत चढणारी कळ. मॉर्फिनचा डोस वाढवला की दुखणं कमी व्हायचं आणि आईही कमी व्हायची. दिवसभर गुंगीत पडून राहायची, मध्येच वारलेल्या नवऱ्याला इस्त्रीचं तापमान बघायला सांगायची. डोस उतरवला की शुद्धीवर यायची आणि चादर मुठीत धरून बसायची.

वहिनीने सांगितलं ते असं. दुखण्याचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रेडिएशन सुचवलं होतं. एकदाच, दहा-पंधरा मिनिटांचं, थेट यकृतावर. गाठींमुळे यकृत सुजून त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं, हे दुखणं बरंचसं त्या ताणाचं आहे, आणि शेक बसला की तो ताण सैल पडू शकतो. साधारण तिघांतल्या दोघांना महिन्याभरात आराम पडतो, तिसऱ्याला पडत नाही. त्या दिवशी मळमळ होईल, एखाद-दोन दिवस दुखणं उलट वाढेलही. आयुष्य त्याने वाढत नाही. हे शेवटचं वाक्य वहिनीने धाकट्याकडे बघून सांगितलं, आणि धाकट्याने ते ऐकलं नाही हेही तिला दिसलं.

धाकटा जहाजावर इंजिनिअर होता. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. या वेळी खास रजा टाकून आला होता आणि मधल्या बहिणीकडे उतरला होता. तो लगेच म्हणाला की करायचंच. हे आधीच का केलं नाही? आणि एकदाच का? गाठ एका वेळेत आवळत असेल तर चार वेळांत किती आवळेल? दुसऱ्या शहरात यासाठी मोठं हॉस्पिटल आहे, त्याने माहिती काढली आहे.

वहिनीला हे रेडिएशन हवं होतं, मनापासून हवं होतं. पण धाकटा आपल्या बाजूला आला की आपली बाजू बुडणार, हे तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

थोरला नाही म्हणाला. आवाज न चढवता, नुसतं नाही. बाबांच्या वेळी काय झालं ते या घरात कुणाला सांगायला नको होतं. बाबांच्या घशाला जवळजवळ दीड महिना रोज शेक दिला होता. लाँड्रीच्या गाडीतून थोरलाच त्यांना रोज सकाळी नेत असे. घसा आतून सोलवटला, पाण्याचा घोट घेताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि एवढं करून ते गेलेच. थोरल्याचं म्हणणं एवढंच होतं की मरणाऱ्या माणसाला भाजायचं कशाला.

मधली त्याच्या बाजूने होती. बाबांना शेवटी चमच्याने भरवणारी तीच. तिने मान हलवली आणि धाकट्याला म्हणाली की इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता निदान खाली उतरून बोल. धाकटा उसळला. थोरल्याने आईला केव्हाच सोडून दिलंय, असं म्हणाला. थोरल्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पहाटे भट्टी लावण्यापासून रात्री शटर ओढण्यापर्यंत खाली राबणाऱ्या आणि त्यामुळेच वर फारसा न येणाऱ्या त्या माणसाचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

चौघांच्या बैठकीत नवऱ्याच्या विरुद्ध वहिनी आजवर कधी बोलली नव्हती. भांडायची ती खोलीत, दार लावून. आताही ती भांडली नाही.

“अंग पुसताना मी असते,” ती म्हणाली. “उजव्या बाजूला फडक्याचा ओला कोपरा लागला तरी त्या श्वास धरतात. ओरडत नाहीत, श्वास धरतात. तो सुटेपर्यंत मीही धरते. तुम्ही कोणी नसता तिथं.”

मग मधलीने थोरल्याची नजर चुकवून विचारलं, नक्की एकदाच ना? वहिनी हो म्हणाली. मधली म्हणाली, मग बघू या. आपल्या बाजूची बहीण पलीकडे गेली हे थोरल्याला कळलं, आणि तो उठून उभा राहिला. तेवढ्यात आतून हाक आली.

“अरे, माझ्या पोटाची बैठक माझ्याशिवायच चाललीय का?”

आत गेले तेव्हा आई उशांना टेकून बसली होती. चेहरा पिवळट, पण डोळे शुद्धीत. सकाळचा डोस तिने घेतलाच नव्हता, तो बशीत तसाच होता. धाकटा पुढे होऊन सांगू लागला की आई, तू बरी होणार आहेस. तिने हाताने त्याला थांबवलं आणि सुनेला विचारलं की ती डॉक्टरीण काय म्हणाली, शब्दाला शब्द सांग. वहिनीने सगळं पुन्हा सांगितलं, तिघांतला तिसराही सांगितला, आयुष्याचंही सांगितलं.

आई बराच वेळ चादरीच्या काठाकडे बघत होती. चार माणसांचं कुटुंब आणि पंधरा-वीस कामगार तिने नवऱ्यामागे एकटीने हाकले होते. बाळंतपण, भट्टीने पोळलेला हात, मोडलेलं मनगट, कशालाच ती कधी ‘दुखतंय’ म्हणाली नव्हती.

“मला सोसवत नाहीये रे,” ती थोरल्याला म्हणाली. “हे काही आता सोसण्यासारखं राहिलं नाही.”

थोरल्याने खिडकीकडे तोंड केलं. आईने मग त्याला सांगितलं की तू येऊ नकोस, मी धाकट्याबरोबर जाते. ती त्याला वाचवायला बघत होती, पण त्याला ते लागलं. धाकट्याला लाँड्रीच्या गाडीचा गियर कुठं अडकतो ते माहीत नाही, तो म्हणाला. मीच नेईन.

*

रेडिएशनचा विभाग तळघरात असतो हे थोरल्याला आठवत होतं. हॉस्पिटल वेगळं होतं, पण उतार तोच, थंडी तीच. भिंतीला लागून चाकांच्या खुर्च्या, पाण्याचं मशीन, आणि एकमेकांकडे न बघणारी माणसं. बाबांच्या वेळी अशाच बाकावर बसून तो जाहिरातींची जुनी मासिकं चाळायचा.

आदल्या दिवशी स्कॅन करून टेक्निशियनने आईच्या पोटावर पेनने रेघा आणि फुल्या काढून दिल्या होत्या. आईने त्या पुसू दिल्या नव्हत्या. कापडावर मार्किंग केल्याशिवाय कात्री लावत नाहीत, एवढं तिला कळत होतं. आता उलटी होऊ नये म्हणून गोळी दिली गेली, सूज येऊ नये म्हणून दुसरी, आणि गोळ्या लागू पडेपर्यंत थांबायला सांगितलं.

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा थोरला त्यांच्याशी भांडायच्या तयारीने उठला होता. वयाने मुलीएवढी वाटणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई. त्याने बाबांचं सगळं सांगितलं, एका दमात, जणू तिनेच केलं होतं. तिने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली की त्यांच्या वडिलांना तो डोस बरे व्हावेत म्हणून दिला होता. बरं करायला जातो तेव्हा खूप द्यावा लागतो, रोज द्यावा लागतो, आणि घशाची कातडी फार नाजूक. इथं आपण बरं करायला जातच नाही आहोत, म्हणून थोडक्यात भागतं. उपयोग होईलच असं ती म्हणाली नाही. थोरल्याला त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

आत जाताना आईने चाकांची खुर्ची घेतली. इतके दिवस ती घेत नव्हती.

टेबल कडक होतं. सगळ्यात अवघड गेलं ते हात डोक्यावर घेणं, कारण खांद्यातली कळ तिथंच होती. टेक्निशियन बाईने हातांखाली घड्या घातलेले टॉवेल दिले, सावकाश घ्या म्हणाली, आणि सगळे बाहेर गेले. जाड दार लागलं. थोरल्याला बाहेरच्या पडद्यावर आई दिसत होती. मोठ्या खोलीच्या मध्यभागी, हात वर केलेली, कुणाला तरी शरण गेल्यासारखी. बाबांच्या वेळी त्याने पडद्याकडे कधी पाहिलं नव्हतं. या वेळी त्याने नजर काढली नाही. मशीन तिच्याभोवती फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

“झालं?” दार उघडल्यावर आईने विचारलं. “चालू तरी होतं का? वाफ नाही, आवाज नाही. असलं मशीन मी विकत घेतलं नसतं.”

टेक्निशियन बाई हसली. थोरलाही हसला आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

परतताना सिग्नलला गाडी थांबली असताना आई म्हणाली, तुझ्या बाबांना शेक आवडायचा नाही, पण ती सकाळ आवडायची. ती पुढे म्हणाली की लहानपणी तू शाळेत आणि नंतर खाली भट्टीवर. तुझ्याशी दोन शब्द बोलायला त्यांना उसंतच मिळाली नव्हती. ती त्या गाडीत मिळाली.

“आम्ही काही बोलायचोच नाही,” थोरला म्हणाला. “त्यांना बोलताच यायचं नाही.”

“तू बोलायचास ना. तू कायकाय बोललास ते घरी येऊन मला पाटीवर लिहून दाखवायचे.”

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा थोरल्याने गियर टाकला, आणि तो नेहमीसारखा अडकला.

*

संध्याकाळी आईला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं. तिसऱ्या दिवशी आईने सुनेचा हात इतका घट्ट धरला की नखांचे वळ उठले, आणि त्या दुपारी गाडीतलं सगळं मऊपण थोरल्याच्या मनातून निघून गेलं. जिन्यात उभा राहून तो बायकोला बोलला, भावाला बोलला. सांगितलं होतं मी. आता झालं समाधान?

वहिनीने हातातली बादली त्याच्या हातात दिली आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

डॉक्टरांना फोन लावला तो मधलीने. दुखणं वाढू शकतं असं त्यांनी आधी सांगितलंच होतं. सुजेच्या गोळीचा डोस वाढवायला सांगितला, मॉर्फिन तात्पुरतं वाढवायला सांगितलं, आणि वाट बघायला सांगितलं. मधलीने सगळं नीट ऐकून घेतलं, आईला गोळ्या दिल्या, आणि मग खाली धाकट्याला शोधायला गेली.

तो घड्या घालायच्या टेबलापाशी होता. एका कामगार बाईसमोर उभा राहून चादरीची दोन टोकं धरून मागे जात होता, पुढे येत होता. हे काम त्याने लहानपणी केलं होतं आणि हात अजून विसरले नव्हते. बहिणीला बघून ती बाई दुसऱ्या टेबलाकडे गेली. मधलीने टोकं हातात घेतली. दोघं घड्या घालू लागली.

धाकट्याला इंजिन कळत होतं. बिघाड असतो, तो शोधायचा, भाग बदलायचा. हॉस्पिटलांची माहिती काढताना त्याला पहिल्यांदा आपण काहीतरी करतोय असं वाटलं होतं. आता वरून आईचा आवाज येत होता, आणि तो आवाज आपण मागून घेतला आहे असं त्याला वाटत होतं. त्याने बहिणीला विचारलं की मी इथे नसतो तेव्हाही हे असंच असतं का.

“असंच,” मधली म्हणाली. “फक्त तू नसतोस.”

तिला टोचायचं नव्हतं. बोलून झाल्यावर तिने चादर टेबलावर ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टेकला, आधार द्यायला की घ्यायला हे तिलाही कळलं नाही.

*

आराम नेमका कधी पडला ते पुढेही कुणाला सांगता आलं नाही. दुखणं एका दिवसात जात नाही. आधी मॉर्फिनचे वाढीव डोस एकेक करून द्यावे लागेनासे झाले. मग आई एकदा कूस बदलून झोपलेली दिसली. मग तिने सूपचा वाडगा स्वतःच्या हाताने धरला. वहिनी हे सगळं बघत होती, पण मोठ्याने बोलत नव्हती. बोललं की दृष्ट लागेल अशी भीती तिला वाटत होती, आणि असल्या गोष्टींवर तिचा विश्वासही नव्हता.

मग एका सकाळी ती अंथरूण बदलत होती. आईने उशीचा अभ्रा उचलून उजेडात धरला.

“ही इस्त्री कुणी केली? शिवणीवरून फिरवलीय. असा माल हॉटेलवाल्याकडे गेला तर तोंडावर फेकेल.”

वहिनी तशीच उभी राहिली. गेला महिनाभर ही बाई कशालाच नाही म्हणाली नव्हती. सूप खारट झालं तरी चालेल, चादर चुरगळलेली असली तरी चालेल, खिडकी उघडी असली तरी चालेल. लग्न होऊन आल्यापासून जिच्या बोलण्याचा जाच होता त्या सासूने ‘चालेल’ म्हणायला लागावं, याच्याइतकं भीतिदायक तिने काही पाहिलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तो पीळ परत आला होता. ती अभ्रा घेऊन खाली गेली, स्वतः इस्त्री फिरवली, आणि इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली. कामगारांना वाटलं आई गेल्या.

मॉर्फिन बंद झालं नाही, पण निम्म्यावर आलं. आई दुपारी जागी राहू लागली. खालच्या हिशेबात लुडबूड करू लागली, मधलीच्या मुलीशी पत्ते खेळून लबाडीने जिंकू लागली. आणि धाकट्याने पुन्हा फोन हातात घेतला. गाठ आवळली असणार, नाहीतर आराम कसा पडेल? आता दुसरं हॉस्पिटल बघायला हवं, रजा वाढवून घेतो. त्याचं बोलणं ऐकत थोरला दारात उभा होता. या वेळी त्याने नाही म्हटलं नाही. त्याच्या डोळ्यांतही तीच आशा आलेली वहिनीला दिसली, आणि तिला दोघांचीही दया आली.

आईने धाकट्याला पलंगावर बसवून घेतलं. इतरांना जा म्हणाली नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“तू मला बरं करायला आलास,” ती म्हणाली. “मला बरं व्हायचं नाहीये रे, तेवढा दम नाही राहिला. मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटतंय. तेवढ्यात आपण बोलून घेऊ.”

धाकटा म्हणाला, पण अजून करता येईल. ती म्हणाली, करता येईल ते सगळं करायचं नसतं. मग तिने त्याला सांगितलं की जहाजावर परत जा. रजा संपेल तेव्हा जा, वाढवू नकोस. मला तू आठवशील तो या पलंगाच्या कडेला फोन चाळत बसलेला नको. आणि मी गेल्यावर धावत येऊ नकोस. जे भेटायचं ते आता भेट.

तो मोठा माणूस आईच्या गुडघ्यावर कपाळ ठेवून राहिला. तिने त्याचे केस विस्कटले आणि टक्कल पडायला लागलंय असं सांगितलं.

पुढचा आठवडाभर तो रोज दुपारी तिच्याजवळ बसला. काय बोलले ते त्याने कुणाला सांगितलं नाही. निघायच्या दिवशी त्याने थोरल्याला मिठी मारली, आणि आपण तुला काहीबाही बोललो, असं म्हणायला तोंड उघडलं. थोरल्याने त्याची बॅग उचलून गाडीत टाकली आणि उशीर होतोय म्हणाला. त्या घरात माफी अशीच मागितली जायची आणि अशीच दिली जायची.

*

बरे दिवस फार नव्हते. दीड-दोन महिने असतील. त्यानंतर आईचं पोट पाण्याने भरू लागलं, पायांवर सूज आली, आणि दुखणं परतलं. पहिल्याइतकं नाही, पण परतलं.

या वेळी थोरला स्वतः तळघरातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आला. पुन्हा एकदा देता येईल का, त्याने विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की आता त्यांच्या अंगात किती ताकद आहे ते बघावं लागेल, आणि आधी त्यांना विचारा. थोरला वर आला, आईच्या पायाशी बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला कशासाठी तरी गळ घातली. मी नेतो. गाडीत मागं गादी टाकतो. हात वर करायला लावणार नाहीत असं बघतो.

आई डोळे मिटून ऐकत होती. त्याला वाटलं, झोपली.

“तेव्हा मला जागं राहायचं होतं,” ती म्हणाली. “आता झोप आलीय. औषध वाढवायला सांग तिला.”

त्याने आणखी एकदा म्हणून पाहिलं. तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. एखाद्या कामगाराला काम थांबव म्हणून सांगताना ठेवायची तशी.

तो बाहेरच्या खोलीत येऊन फोन लावत बसला. दुसऱ्या टोकाला त्याच डॉक्टरीणबाई होत्या. नको म्हणते, एवढंच त्याला सांगता आलं. त्यांनी समजावलं नाही. औषध किती वाढवायचं, कसं द्यायचं ते सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग विचारलं की त्यांच्याजवळ कोण आहे.

आम्ही सगळे आहोत, असं तो सवयीने म्हणून गेला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, मान एका बाजूला पडलेली, हातात ओलं फडकं. मधली मुलीला आणायला गेली होती. धाकटा कुठल्यातरी समुद्रावर होता.

“मी आहे,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने बायकोच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं, आणि आत गेला.